वाव सात, हात एक

"तुम्ही प्रबंध वाचला नाहीत. तुम्ही तो वाटून घेतलात. लग्नघरात उरलेले लाडू वाटून घ्यावेत तसा. आणि मग प्रत्येकानं आपल्या वाटणीचा तेवढा चाखून नाक मुरडलं."

अहल्या दिघे हे मंडळाच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, तेही खणखणीत आवाजात. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला की आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. पण खिडकीच्या आत शेवटचा बाक नव्हता, हेरंब कर्णिक होते. मंडळाचे आवक-जावक कारकून. बडोद्यात जन्मलेले, बडोद्यातच टक्कल पडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "बाई, हे तोंडी का लेखी?"

"सध्या तोंडी."

"मग मी ऐकलं नाही ने. लेखी आणा, लगेच ऐकतो."

मंडळाचं नाव सांगून उपयोग नाही. नाव दर चार वर्षांनी बदलतं, खिडकी तीच राहते. या मंडळाकडे दोन कामं होती. बाहेरच्या माणसांनी केलेलं संशोधन तपासायचं, आणि जुन्या संस्थानी दप्तरखान्यात बसून कागद वाचण्याचं कार्ड द्यायचं. प्रबंध पास झाला तर कार्ड पुढे चालू. नापास झाला तर कार्ड परत. अहल्याचं कार्ड नऊ वर्षांचं होतं, कडा झिजून गोल झालेल्या. दप्तरखान्यात लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. पाण्याच्या नोंदींचे चारशे रुमाल होते. अहल्याचे एकशे साठ वाचून झाले होते. बाकीच्यांची गाठ त्या कार्डाशिवाय सुटणार नव्हती, आणि बडोद्यात दुसरं कुणी ती सोडायला आलंही नसतं.

साल १९८७. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. सुभानपुऱ्यात अहल्याच्या सोसायटीत टँकर एक दिवसाआड यायचा आणि तो आला की शेजारणी एकमेकींशी गुजरातीत भांडायच्या, मराठी शेजारणीसुद्धा. अशा दिवसांत शंभर वर्षांपूर्वी जमिनीखालचं पाणी किती खोल होतं हे जर कुणी महिन्यामहिन्याच्या हिशेबानं सांगितलं, तर ऐकणारा हातातली बादली खाली ठेवेल. असं आपलं तिला वाटलं होतं.

आता एक शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शब्द साधा आहे. वाव.

गुजरातीत वाव म्हणजे पायऱ्या उतरून खाली जायची दगडी विहीर. मराठीत वाव म्हणजे जागा, मोकळीक. आणि मराठीतच वाव म्हणजे एक मापही आहे. दोन्ही हात बाजूला ताणून पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. विहिरीत सोडायचा दोर याच मापानं मोजायचे. बडोद्यातली मराठी घराणी चार-पाच पिढ्या गुजरातेत नांदली. बोलताना वाक्याच्या शेवटी 'ने' लागायला लागलं, सकाळच्या कांद्यापोह्यांशेजारी फाफडा आला, आणि कुठल्यातरी एका पिढीत ते माप तोंडातून गळून पडलं. कुणी वाकून उचललं नाही. आज मांजलपूरपासून छाणीपर्यंत कुठल्याही मराठी घरात विचारा, वाव म्हणजे काय? ती ने, दगडी, खाली उतरायची.

अहल्याही तेच धरून बसली होती. मोडी ती स्वतःची स्वतः शिकली, कुणी शिकवणारं नव्हतं. पहिल्या वर्षी तिला एक ओळ लागली: 'छाणी, तळ्याकाठची विहीर, चैत्र, वाव ७.' तिनं वहीत लिहिलं, छाणीत सात वावी होत्या. पुढच्या रुमालात तीच विहीर, तेच साल, महिना भाद्रपद, वाव ४. तिनं लिहिलं, छाणीत चार वावी होत्या. दोन वर्षं ती असं लिहीत गेली. चैत्रात सात, भाद्रपदात चार, पुढल्या चैत्रात परत सात. तीन दगडी वावी दर पावसाळ्यात कुठे जातात आणि उन्हाळ्यात परत कशा येतात, हा प्रश्न तिला पडला हे खरं. पण सरकारी कागद आहे, असेल काही कारण, असं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. ही गोष्ट तिनं प्रबंधाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहून टाकली होती. लपवली नव्हती.

शेवटी एका रविवारी ती छाणीला गेली आणि उन्हात वावी शोधत फिरली. तळ्याकाठी एका जुन्या विहिरीच्या कठड्यावर लक्ष्मण बसला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला खानदेशी माणूस. बाप विहिरी खणायचा, हा लहानपणी बापाबरोबर गाळ काढायचा.

"काय हुडकताय बाई?"

"वाव."

"किती?"

"सात."

"मंग खाली बघा की. वर कशाला हुडकताय?"

तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. लक्ष्मण उठला, दोराला धोंडा बांधला, विहिरीत सोडला आणि दोर वर ओढताना दोन्ही हात फाकवून मोजायला लागला. एक वाव, दोन वाव, तीन वाव. एकोणीस वावांवर धोंडा वर आला, कोरडा ठणठणीत.

"बाच्या टायमाला आठ वावावर हाताला लागायचं," लक्ष्मण म्हणाला. "आता धुरळा लागतोय."

अहल्या कठड्यावर बसली. दोन वर्षं वहीत भरलेल्या सगळ्या वावी तिच्या डोळ्यांसमोर एकेक करून मिटल्या आणि त्यांच्या जागी पाणी आलं. सात वाव खोल पाणी. पाऊस पडला की चार वावांवर. तीन वावी कुठे जात नव्हत्या. पाणी वर येत होतं.

मग सात वर्षं तिनं काम केलं ते असं. आधी कागद. कागदांतच तिला कचेरीचा एक हुकूम सापडला: दोर मोजणाऱ्यांनी आपापले हात वापरू नयेत, कचेरीच्या भिंतीवर चार हातांची खूण कोरली आहे, दोर तिला लावून घ्यावा आणि त्यावर शिक्का मारून घ्यावा. म्हणजे वाव हे कुणाच्याही हातांचं माप नव्हतं, ठरलेलं होतं, सहा फुटांचं. मग जमीन. छाणी आणि आसपासच्या बारा गावांत जाऊन तिनं जुन्या विहिरी धुंडाळल्या, आतल्या दगडांवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या आणि कागदाशी ताडून पाहिल्या. जिथे कागद म्हणाला वाव सात, हात एक, तिथे साडेत्रेचाळीस फुटांवर दगडाला शेवाळाची काळी रेघ होती. हुकूम दुसऱ्या प्रकरणात होता. रेघा चौथ्या प्रकरणात होत्या. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता.

प्रबंध दाखल करायला ती खिडकीशी आली तेव्हाच पहिलं लचांड झालं. अर्जात 'विषय' म्हणून एक रकाना होता. तिनं लिहिलं, इतिहास व भूजल.

हेरंबनी चष्मा वर केला. "खानं एकच आहे ने, बाई."

"म्हणून तर एकाच खान्यात लिहिलं."

"ते बरोबर. पण हा मधला 'व' कुठल्या विषयात धरायचा?"

तिचा सगळा प्रबंध त्या 'व'मध्ये होता.

मंडळानं तोड काढली. दोन परीक्षक नेमले. इतिहासाला उदयसिंहराव मोहिते, जुन्या सरदार घराण्यातले, मोडी कागदांवर तीन ग्रंथ लिहिलेले. भूजलाला रमाकांत अमीन, पाणीपुरवठ्यातले इंजिनियर, निम्म्या जिल्ह्याच्या बोअर त्यांच्या सहीनं झालेल्या. आणि प्रत्येकाला आपापला विषय नीट पाहता यावा म्हणून प्रबंध मधोमध वेगळा केला. पहिली तीन प्रकरणं मोहित्यांकडे, पुढची तीन अमीनांकडे.

"फाडला?" अहल्यानं नंतर विचारलं होतं.

"काय बोलता, बाई! शिवण उसवली. दोन्हीकडे नवीन पुठ्ठा लावला, निळा." हेरंबना दुखावल्यासारखं झालं. पुठ्ठा त्यांनी स्वतः लावला होता.

तीन महिन्यांनी अहवाल आले. मोहित्यांनी लिहिलं होतं: इतिहासाचा भाग कच्चा. 'वाव' या शब्दाचा अर्थ बडोद्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असता संशोधिकेने तो माप म्हणून घेतला आहे. यास प्रत्यक्ष पुरावा दिलेला नाही. गुण अडतीस. भूजलाचा भाग अनुक्रमणिकेवरून उत्कृष्ट वाटतो, परंतु तो माझा विषय नव्हे. एकंदर सुधारणेला वाव आहे.

अमीनांनी लिहिलं होतं: भूजलाचा भाग कच्चा. पाण्याची खोली 'वाव' नावाच्या एककात दिली असून हे एकक शास्त्राला अज्ञात आहे. प्रत्येक माणसाचे हात निराळे. तळटीपेत लक्ष्मण नामक इसमाचा उल्लेख आहे. लक्ष्मण हे प्रमाण एकक नाही. गुण एकेचाळीस. इतिहासाचा भाग अनुक्रमणिकेवरून फारच चांगला दिसतो, पण तो माझा विषय नाही.

पास व्हायला प्रत्येक विषयात पन्नास लागत. अहल्यानं दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले. मोहित्यांना हवा होता तो पुरावा अमीनांच्या निळ्या पुठ्ठ्यात होता. अमीनांना हवा होता तो मोहित्यांच्या. दोघंही सुभानपुऱ्यातच राहत, एकाच बागेत सकाळी फिरायला जात, आणि एकमेकांना नमस्कारही करत.

त्या दिवशी ती खिडकीशी येऊन जे बोलली ते वर आलंच आहे.

नियमाप्रमाणे तोंडी सुनावणी मिळाली. मे महिना, दुपारचे तीन. टेबलावर तीन पेले, टंचाईच्या परिपत्रकाप्रमाणे अर्धे भरलेले. एका बाजूला मोहिते, एका बाजूला अमीन, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला हेरंब. अहल्यानं पिशवीतून आपली प्रत काढली. अखंड, शिवलेली. ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि चौथं प्रकरण उघडून मोहित्यांकडे सरकवलं.

"सर, हे पान बघा. 'वाव सात, हात एक.' दगडी वाव असती तर एक हात कशाचा? आणि ही त्याच विहिरीतली रेघ."

मोहित्यांनी पानाकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं. "बाई, हा भाग माझ्या कक्षेतला नाही. मी यावर बोललो तर तो अमीनसाहेबांचा अपमान होईल."

तिनं दुसरं प्रकरण उघडून अमीनांकडे सरकवलं. "रमाकांतभाई, हा हुकूम. भिंतीवरची खूण, चार हात. लक्ष्मणच्या हातांवर काहीच अवलंबून नाही. त्यानं फक्त शब्द सांगितला."

अमीन माणूस भला. त्यांनी पान दोन्ही हातांनी धरलं, मोडीची नक्कल पाहिली आणि आदरानं परत ठेवलं. "अहल्याबेन, आ तो इतिहास छे," ते म्हणाले. "एमां मारुं काम नहीं."

प्रत टेबलाच्या मधोमध परत आली. कुणाच्याच बाजूला नाही.

अहल्याचा पारा चढला. शाळेत वर्गाला चढायचा तसा, म्हणजे आवाज न वाढवता. "मोहितेसर, तुम्ही शेवटी लिहिलंय, सुधारणेला वाव आहे. म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? सुधारायला जागा आहे."

"म्हणजे वाव म्हटल्यावर प्रत्येक वेळी पायऱ्या उतरायच्या नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळकरी मुलांना ठाऊक नसेल एक वेळ."

मोहित्यांनी पेला उचलला. अर्धाच होता, लगेच संपला. तेवढ्यात अमीन पुढे झुकले. त्यांच्या कानावर फक्त 'सुधारणेला वाव आहे' एवढेच शब्द आले होते, आणि त्यांना प्रथमच त्या प्रबंधात मनापासून रस वाटायला लागला होता. "सुधारणामां वाव छे? क्यां आव्युं ए? कयो तालुको?"

सुधारणेत वाव आहे का, कुठे आलं ते गाव, कुठला तालुका. मोहित्यांना वाटलं, अमीन चेष्टा करतायत. अमीनांना वाटलं, विषय मोहित्यांचा आहे, ते सांगतील. हेरंबनी झालेलं सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण त्यांचं काम तेवढंच होतं.

इतिवृत्त मुख्य कचेरीत गेलं. तिथे त्याचं गुजराती झालं. गुजरातीवर दोघा परीक्षकांच्या सह्या झाल्या. अमीनांनी सही केली, कारण त्यात पाण्याबद्दल आक्षेपार्ह काही नव्हतं. मोहित्यांनी वाचून सही केली असं मानायला जागा नाही. मजकूर गुजरातीत होता, आणि गुजराती त्यांचा विषय नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अहल्याला पत्र आलं. दोन कलमं होती. पहिलं: प्रबंध दोन्ही विषयांत, त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाच्या मते, अपुरा आहे, दोन्ही विषयांत, अन्य विषयाच्या तज्ज्ञाच्या मते, उत्कृष्ट आहे, अन्य विषयाचे मत ग्राह्य नाही. दुसरं: सुनावणीत 'सुधारणा' येथे वाव असल्याचे निदर्शनास आले. ही वाव आजवर नोंदलेली नसल्याने ती महत्त्वाची भर ठरू शकते. तरी संशोधिकेने सदर वावेचे गाव, तालुका, पायऱ्यांची संख्या व सध्याची स्थिती पंधरा दिवसांत कळवावी. माहिती समाधानकारक असल्यास प्रबंधाचा सहानुभूतीने विचार होईल. अन्यथा कार्ड जमा करावे.

ती पत्र घेऊन खिडकीशी गेली.

हेरंबनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत ते कुठेतरी जमा झालं होतं. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, लिहून टाका ने."

"काय लिहून टाकू?"

"सुधारणा, तालुका सावली. पायऱ्या चौऱ्याऐंशी. स्थिती, गाळानं भरलेली. गाळ आहे म्हटल्यावर कोण उतरून बघणार? एक पान लिहा. कार्ड राहील, दोनशे चाळीस रुमाल राहतील."

"आणि प्रबंध?"

"पास होईल ने. नवीन वाव सापडली म्हटल्यावर मोहितेसाहेब पन्नास काय, सत्तर देतील. सरळ इतिहास आहे."

"हेरंबभाऊ, असं गाव नाही."

"मला काय सांगता, बाई? मी मराठी आहे ने." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "पण गाव नाही हे ठरवणं माझा विषय नाही."

अहल्या घरी आली. पंधरा दिवस होते, त्यातले बारा तिनं काढले. लिहायला बसली की हात खरंच वळायचा. चौऱ्याऐंशी पायऱ्या, दोन मजले, उत्तरेकडे तोंड. फार सोपं होतं. नऊ वर्षांत एवढं सोपं काही तिनं लिहिलं नव्हतं. तिच्या खऱ्या सात वावांना अडतीस आणि एकेचाळीस गुण, आणि नसलेल्या एका वावेला सहानुभूती. एक पान तिनं पुरं लिहिलंही. वाचून पाहिलं. चांगलं वाटत होतं, सगळ्या प्रबंधात नसेल इतकं सफाईदार.

तेराव्या दिवशी ती छाणीला गेली. पान पर्समध्ये होतं. लक्ष्मण कठड्यावरच होता. पलीकडे बोअरची गाडी घरघरत होती, दोन दिवस खणून तिला ओल लागली नव्हती.

"बाई, पुस्तक झालं का? माजं नाव हाय म्हनला होता."

"आहे. तळटीपेत."

"वाव लिवलंय का बरूबर? का दगडाची लिवली?"

अहल्यानं पर्सवर हात ठेवला. "का हो?"

"न्हाई, आमचा नातू बी हसतो. म्हनतो, आजा, वाव म्हंजे पायऱ्याची. म्या म्हनलं, बाई लिवनार हाय, मंग बघ."

घरी येऊन तिनं ते सफाईदार पान मधून फाडलं, शिवण वगैरे काही उसवली नाही, आणि दुसरं लिहायला घेतलं. पंधराव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. एका हातात कागद, दुसऱ्या मुठीत कार्ड.

"लेखी आणलंय," ती म्हणाली. "आता ऐका."

हेरंबनी आवकचा शिक्का उचलला.

"आधी वाचा. मग शिक्का."

मागे रांगेत चार माणसं होती, त्यांतल्या एकानं घड्याळ पाहिलं. हेरंबनी नाइलाजानं वाचायला घेतलं. वाचता वाचता ते हळूहळू, स्वतःच्याही नकळत, मोठ्यानं वाचायला लागले:

'माननीय मंडळ,

आपण प्रबंध वाचला नाही. वाटून घेतला. सुधारणा नावाचं गाव सावली तालुक्यात नाही, दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असल्यास आपणच कळवावं, मी जाऊन पायऱ्या मोजून येईन. छाणीची विहीर मात्र आहे. तिथे चैत्रात सात वाव एक हातावर पाणी होतं, आज एकोणीस वावांवर धूळ आहे, आणि शेजारी आपल्याच तज्ज्ञाच्या सहीची आणखी एक बोअर चालू आहे. माझं कार्ड मी जमा करत नाही. ते माझ्या मुठीत आहे.

आपले दोन्ही तज्ज्ञ रोज सकाळी एकाच बागेत फिरतात. त्यांना एका बाकावर बसवावं, मधोमध अखंड प्रत ठेवावी, आणि एकच प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर मला एकानं दोघांच्या वतीनं किंवा दोघांनी मिळून द्यावं. हा माझा विषय नाही, हे उत्तर चालणार नाही.'

हेरंब थांबले. पेन उघडलं. "पोच देतो, बाई."

"पोच नको. खालची ओळ राहिली. वाचा."

त्यांनी कागद जवळ धरला. ओळ एकच होती, अक्षर मोठं, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

'वाव म्हणजे काय? सांगा.'